पिंजऱ्यासाठी मासा निवडताना

बाजारात ज्या माशाला मान, तोच मासा पाळावा, असा विचार सागरी मत्स्यसंवर्धनाकडे वळणाऱ्यांच्या मनात प्रथम येतो. तो स्वाभाविक असला, तरी पुरेसा नाही. पापलेटाला भाव उत्तम मिळतो. परंतु तो मासा हाताळणीत अत्यंत नाजूक आहे. सधन संवर्धनात मर्यादित जागेत मासे दाटीने ठेवून त्यांना बाहेरून खाद्य पुरवावे लागते. ही दाटी सोसणारी व तयार खाद्य स्वीकारणारी जातच येथे उपयोगी पडते.

पहिला प्रश्न बीजाचा. समुद्रातून पकडलेल्या पिलांवर अवलंबून राहणे बेभरवशाचे ठरते. बोटुकली वेळेवर मिळण्यासाठी त्या जातीचे नियंत्रित प्रजनन साध्य झालेले असले पाहिजे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याच्या बाबतीत हे यश मिळविले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या तामिळनाडूतील मंडपम केंद्राने २०१० मध्ये मोदुशाचे आणि २०११ मध्ये रुपेरी पॉम्पॅनोचे प्रजनन साधले.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मोदुसा अनुकूल स्थितीत वर्षभरात ३ ते ४ किलो वजनाचा होतो. मात्र त्याला स्वच्छ, खेळते, खारे पाणी हवे. पावसाळ्यात खाडीची क्षारता घटते. तेथे जिताडा अधिक योग्य, कारण तो खाऱ्या, निमखाऱ्या व गोड्या पाण्यातही वाढतो. रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात तो तळ्यांतून पाळण्याची जुनी परंपरा आहे. पॉम्पॅनोही कमी क्षारतेत तग धरतो आणि गोळीखाद्य सहज घेतो.

प्रत्येक जातीचे दोषही जाणून घ्यावेत. जिताड्याची मोठी पिले लहानांना गिळतात. म्हणून बोटुकलीची आकारानुसार वारंवार प्रतवारी करावी लागते. या सर्व मांसाहारी जातींना प्रथिनयुक्त खाद्य लागते आणि उत्पादनखर्चाचा मोठा वाटा त्यावरच जातो. शिवाय कोकणच्या खुल्या किनाऱ्यावर पावसाळी लाटांत पिंजरे टिकविणे कठीण; तेथे पावसापूर्वी मासा विक्रीयोग्य व्हावयास हवा.

पिंजऱ्यासाठी कर्ज काढणाऱ्या मच्छीमार कुटुंबाची सारी मिळकत या निवडीवर अवलंबून असते. म्हणून असा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे येईल तेव्हा सदस्यांनी बाजारभावाबरोबरच चार गोष्टी अवश्य विचाराव्यात: बीज कोठून येणार, खाद्याचा खर्च किती, पावसाळ्यात पाणी कसे असते आणि मासा कोणत्या महिन्यात विकला जाणार. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच शिफारस करणे हिताचे होय.