वाहनकर्जातील अप्रकट दलाली आणि ग्राहकाचा भरपाईचा हक्क

बेंगळुरू शहराच्या जुन्या भागात, कृष्णराजेंद्र बाजारपेठेच्या दक्षिण-पश्चिमेस चामराजपेट ही वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ च्या सुमारास ती आखण्यात आली. येथील पंपा महाकवी रस्त्यावर कन्नड साहित्य परिषद आहे आणि त्याच रस्त्यावर कर्नाटक राज्य सहकारी शिखर बँकेचे मुख्यालय आहे. जवळच्या जे. सी. रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. पतपुरवठा आणि मोटार या दोन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा वसाहतीतील एखादे मध्यमवर्गीय कुटुंब मोटार घेण्यासाठी शोरूममध्ये जाते, तेव्हा ते प्रत्यक्षात दोन व्यवहार करते. पहिला व्यवहार मोटारीच्या खरेदीचा असतो व दुसरा कर्जाचा. पहिल्या व्यवहारात ग्राहक घासाघीस करतो. दुसऱ्यात तो बहुधा विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावर सही करतो. या दुसऱ्या व्यवहारात विक्रेत्याला कर्ज देणाऱ्या संस्थेकडून दलाली मिळत असेल आणि ती ग्राहकाला सांगितली गेली नसेल, तर ग्राहकाला भरपाई मागता येते काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत भारतात व भारताबाहेर महत्त्वाचा ठरला आहे. ग्राहक संरक्षण, बँक नियमन आणि करार कायदा हे तीनही विषय त्यात एकत्र येत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दलालीचे अर्थशास्त्र

दलाली ही मुळात गैर गोष्ट नाही. बँकेला प्रत्येक शोरूममध्ये आपला कर्मचारी ठेवणे परवडत नाही. विक्रेता ग्राहक मिळवून देतो, कागदपत्रे गोळा करतो आणि त्याचा मोबदला घेतो. अडचण निर्माण होते ती हितसंबंधांच्या संघर्षामुळे. ग्राहकाला वाटते की विक्रेता आपल्यासाठी स्वस्त कर्ज शोधत आहे. विक्रेत्याचा लाभ मात्र जास्त दलाली देणाऱ्या संस्थेचे कर्ज खपवण्यात असतो. दलालीचे प्रमाण व्याजदराशी जोडलेले असेल, तर कर्ज जितके महाग, तितकी विक्रेत्याची कमाई अधिक, अशी उलटी प्रेरणा तयार होते. अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता असे म्हणतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, चामराजपेटमधील एका ग्राहकाने ८ लाख रुपयांचे कर्ज ५ वर्षांसाठी घेतले. व्याजदर ९.५ टक्के असल्यास मासिक हप्ता सुमारे १६,८०२ रुपये येतो. दर १०.५ टक्के असल्यास तो सुमारे १७,१९५ रुपये होतो. महिन्याला फरक अवघा ३९४ रुपयांच्या आसपास दिसतो. ६० हप्त्यांत मात्र तो सुमारे २३,६०० रुपये होतो. ग्राहक हप्त्याकडे पाहतो, एकूण परतफेडीकडे पाहत नाही, आणि या सवयीवरच अप्रकट दलालीचा व्यवहार उभा राहतो.

भारतातील अनुभव : जीपीएस यंत्राचे प्रकरण

भारतात या विषयाशी सर्वांत जवळचे प्रकरण एचडीएफसी बँकेच्या वाहनकर्ज विभागाचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या या बँकेच्या वाहनकर्जांसंबंधी एका जागल्याने तक्रार केली होती. वाहनाचा माग दाखवणारे जीपीएस यंत्र कर्जदारांना कर्जाच्या रकमेतून घेण्यास लावले जाते, असे आरोप २०२० मध्ये पुढे आले. बँकेने अंतर्गत चौकशी केली व काही कर्मचाऱ्यांवर कारवाई केली.

भारतीय रिझर्व्ह बँकेने कागदपत्रांची तपासणी करून २७ मे २०२१ च्या आदेशान्वये बँकेस १० कोटी रुपयांचा दंड केला. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ६ (२) आणि कलम ८ यांचा भंग झाल्याचा निष्कर्ष त्यात होता. कलम ६ मध्ये बँकांना करता येणारे व्यवसाय नमूद केलेले आहेत व त्यापलीकडचा व्यवसाय करण्यास पोटकलम (२) अन्वये मनाई आहे. कलम ८ अन्वये बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यानंतर जून २०२१ मध्ये बँकेने जाहीर सूचना दिली. २०१३-१४ ते २०१९-२० या आर्थिक वर्षांत वाहनकर्जाचा भाग म्हणून जीपीएस यंत्र घेतलेल्या ग्राहकांना त्यावरील दलाली परत केली जाईल, असे तीत म्हटले होते.

या प्रकरणात एक बारकावा आहे व परीक्षेच्या उत्तरात तो सुटता कामा नये. दंड झाला तो बँकेने आपल्या अधिकृत व्यवसायाबाहेरील वस्तूची विक्री केल्याबद्दल. ‘दलाली लपवली’ या स्वतंत्र अपराधाबद्दल तो नव्हता. ग्राहकांना पैसे परत मिळाले ते बँकेच्या निर्णयाने. कोणत्याही न्यायालयाने सर्व कर्जदारांसाठी भरपाईचा सिद्धान्त घालून दिल्यामुळे नव्हे. म्हणूनच कायद्याची चौकट तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ब्रिटनमधील दावे

ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे अनेक वर्षे विक्रेत्यालाच विशिष्ट मर्यादेत व्याजदर ठरवण्याची मुभा होती आणि दर वाढवल्यास त्याची दलालीही वाढत असे. तेथील वित्तीय आचार प्राधिकरणाने २८ जानेवारी २०२१ पासून या पद्धतीवर बंदी घातली. मात्र त्यापूर्वीच्या करारांबाबत कर्जदारांच्या तक्रारी सुरूच राहिल्या.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी तीन कर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. विक्रेता हाच कर्जाचा मध्यस्थ असल्याने त्याने ग्राहकाशी निष्ठेने वागणे बंधनकारक आहे आणि पूर्ण माहितीवर आधारित संमतीशिवाय दलाली घेता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यामुळे वाहनकर्ज व्यवसायात खळबळ उडाली. फर्स्टरँड बँक व क्लोज ब्रदर्स या धनकोंच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल देऊन हे तत्त्व अमान्य केले. मोटार विक्रेता स्वतःच्या नफ्यासाठीच व्यवहार करतो. तो ग्राहकाचा विश्वस्त नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तथापि, तिघांपैकी एका कर्जदाराचा दावा ग्राहक पतपुरवठा अधिनियम, १९७४ मधील ‘अन्याय्य संबंध’ या तरतुदीखाली मान्य झाला. त्याच्या प्रकरणात दलाली १,६५०.९५ पौंड, म्हणजे कर्जावरील एकूण आकाराच्या सुमारे ५५ टक्के होती. धनको आणि विक्रेता यांच्यातील व्यावसायिक बांधिलकीही त्याच्यापासून झाकली गेली होती. दलालीची रक्कम त्याला व्याजासह देण्याचा आदेश झाला.

यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी वित्तीय आचार प्राधिकरणाने देशव्यापी भरपाई योजनेचा मसुदा प्रसिद्ध केला. ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ या काळातील सुमारे १.४ कोटी करार अन्याय्य ठरू शकतात आणि प्रत्येक करारामागे सरासरी ७०० पौंड भरपाई द्यावी लागेल, असा अंदाज मसुद्यात होता. दलालीचे केवळ अस्तित्व पुरेसे नाही. तिचे प्रमाण, तिचे स्वरूप आणि ती किती प्रमाणात उघड केली गेली, यांवर न्याय अवलंबून असतो, हा या घटनाक्रमाचा सारांश आहे.

भारतीय कायद्याची चौकट

१. भारतीय करार अधिनियम, १८७२ : कलम १८२ मध्ये अभिकर्त्याची व्याख्या आहे. कलम २१३ अन्वये अभिकर्त्याने मालकास हिशेब दिला पाहिजे. कलम २१६ नुसार अभिकर्त्याने मालकाच्या नकळत त्याच्या कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेल्या लाभावर मालक हक्क सांगू शकतो. परंतु शोरूमचा विक्रेता हा ग्राहकाचा अभिकर्ता आहे, हे ग्राहकास आधी सिद्ध करावे लागते. बहुतेक वेळा तो धनकोचा प्रतिनिधी असतो. ही पायरी अवघड असल्याने केवळ करार कायद्यावर विसंबणे जोखमीचे ठरते.

२. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ : २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यात सेवेतील ‘उणीव’ या संज्ञेची व्याप्ती वाढवण्यात आली. कलम २ (११) नुसार संबंधित माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हीदेखील उणीव होय. अप्रकट दलालीच्या तक्रारीस याचा आधार सर्वांत बळकट आहे. अनुचित व्यापारी प्रथा व अन्याय्य करार यांच्याही व्याख्या कायद्यात आहेत. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही; ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. एकसारखे हित असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने कलम ३५ (१) (ग) खाली एकत्रित तक्रार करू शकतात. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल होणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२१ मधील नियमांनुसार मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, २ कोटी रुपयांपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, अशी अधिकारकक्षा आहे. व्यापारी हेतूने घेतलेली मोटार या कायद्याबाहेर राहते. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी टॅक्सी घेऊन चालवणारा चालक ‘ग्राहक’ ठरतो. बेंगळुरूसारख्या शहरात ही तरतूद हजारो कुटुंबांना लागू पडते.

३. रिझर्व्ह बँकेचे नियमन : धनकोंसाठी उचित व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वे बँकांकरिता २००३ मध्ये व बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांकरिता २००६ मध्ये आली. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणे बंधनकारक झाले. ते कर्जदारास समजेल अशा भाषेत असावे लागते. व्याजाबरोबरच विमा वा तत्सम तिसऱ्या पक्षाच्या वतीने वसूल केलेले आकारही धरून वार्षिक टक्केवारी दर त्यात दाखवावा लागतो. विवरणपत्रात नमूद नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते, म्हणजे ग्राहकाला विचार करण्यास व अन्यत्र चौकशी करण्यास अवधी मिळतो.

येथेच एक पोकळी राहते. विवरणपत्र ग्राहक काय देतो ते सांगते; धनको विक्रेत्याला काय देतो, हे सांगण्याचे बंधन त्यात नाही.

अन्य क्षेत्रांतील दाखले

दलाली उघड करणे अव्यवहार्य आहे, हा युक्तिवाद भारतीय अनुभवाला धरून नाही. चिट फंड अधिनियम, १९८२ मध्ये चिट चालवणाऱ्या मुकादमाच्या दलालीची कमाल मर्यादा ५ टक्के होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती ७ टक्के झाली. मराठीतील भिशी आणि कर्नाटकातील ‘चीटी’ यांच्या सभासदाला मुकादम किती घेणार, हे आधीच ठाऊक असते. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेशभार बंद केला आणि वितरकांना मिळणारी दलाली उघड करण्याचे बंधन घातले. सामान्य सभासदाला भिशीत व गुंतवणूकदाराला म्युच्युअल फंडात जो हक्क मिळाला, तो वाहनकर्जदाराला नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही.

तक्रारीचा क्रम

प्रथम कर्जाचा करार, मुख्य तथ्य विवरणपत्र, विमा पॉलिसी आणि शोरूमचे बिल या कागदांच्या प्रती मिळवाव्यात. कर्जाच्या रकमेत कोणत्या जादा वस्तू वा सेवा मिसळल्या आहेत, ते तपासावे. त्यानंतर धनको संस्थेकडे लेखी तक्रार करावी. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार संस्थेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास लोकपालाकडे विनामूल्य दाद मागण्याची सोय झाली. नुकसानीपोटी २० लाख रुपयांपर्यंत आणि मानसिक त्रासापोटी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या योजनेने लोकपालास दिला. मोटार विक्रेता मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाही. त्याच्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगाकडेच न्यावी लागते.

समारोप

पतपुरवठ्याचा विस्तार हा विकासाचा एक मापदंड मानला जातो. परंतु कर्ज सहज मिळणे आणि कर्ज योग्य दराने मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रेत्याला मिळणारी रक्कम मुख्य तथ्य विवरणपत्रातच एका ओळीत नमूद करण्याचे बंधन आले, तर त्याचा खर्च नगण्य असेल आणि स्पर्धा मात्र वाढेल. भरपाई ही हानी झाल्यानंतरची उपाययोजना आहे. प्रकटीकरण हानी होण्याआधीच काम करते. चामराजपेटमधील ग्राहकाला सही करण्यापूर्वी ती एक ओळ वाचता आली, तर पुढे आयोगाची पायरी चढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘दलाली गैर नाही, तिचे अप्रकटन गैर आहे.’ वाहनकर्जाच्या संदर्भात चर्चा करा.
२. २०२१ मधील जीपीएस यंत्र प्रकरणातील दंडाचा कायदेशीर आधार स्पष्ट करा.
३. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘उणीव’ आणि ‘अन्याय्य करार’ या संकल्पनांतील फरक व त्यांसाठीची अधिकारकक्षा सांगा.
४. मुख्य तथ्य विवरणपत्राचे महत्त्व व मर्यादा लिहा.