चित्र काढणारा संगणक, चित्र ओळखणारा संगणक

निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, पुढे काय? संगणकाकडे वळणाऱ्या मुलामुलींना ॲनिमेशन व व्हिडिओ गेम यांचे आकर्षण असते. 'ग्राफिक्स' हा शब्द ऐकून पालक एखाद्या खाजगी क्लासची भरमसाठ फी भरतात. तेथे तयार सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात. ते कौशल्य उपयोगी आहेच. परंतु ते सॉफ्टवेअर ज्या गणितावर उभे असते, ते गणित विद्यापीठात शिकायचे असते. हा फरक फी भरण्यापूर्वी कळावा, म्हणून आम्ही हा विषय थोडक्यात मांडीत आहोत.

कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये वस्तूची मापे ठाऊक असतात व तिचे चित्र तयार करायचे असते. कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे संगणकाची दृष्टी, हे याच्या नेमके उलट. येथे चित्र हाती असते व त्यावरून वस्तू ओळखायची असते.

एक उदाहरण घेऊ. कॅमेऱ्याचे छिद्र व आतील पडदा यांत ५० मिलिमीटर अंतर आहे. समोर १२ मीटरवर ६ मीटर उंचीचा विजेचा खांब आहे. दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोण आठवा. उंचीला अंतराने भागून ५० ने गुणले की पडद्यावरील खांबाची उंची २५ मिलिमीटर येते. हे झाले ग्राफिक्स. आता उलट विचार करा. पडद्यावर २५ मिलिमीटरचा खांब दिसतो. तर खरा खांब केवढा? ६ मीटरचा खांब १२ मीटरवर असेल, किंवा १२ मीटरचा खांब २४ मीटरवर असेल. दोन्हींचे चित्र सारखेच येते! अंतराची माहिती चित्रात हरवते. ती परत मिळवण्यासाठी दुसऱ्या जागेवरून आणखी एक चित्र घ्यावे लागते. आपल्याला दोन डोळे असल्याचा फायदा हाच.

दोन्ही शाखांची सुरुवात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून झाली असे म्हणता येईल. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढणारा 'स्केचपॅड' तयार केला. त्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी छायाचित्रावरून घनाकृती ओळखण्यावर प्रबंध लिहिला. १९६६ मध्ये तेथेच दृष्टीचा बराचसा प्रश्न एका उन्हाळ्यात हाताळण्याची योजना आखली गेली. प्रत्यक्षात त्यावर अनेक दशके खर्ची पडली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी लाखो छायाचित्रांवरून शिकणारे न्यूरल नेटवर्क यशस्वी करून दाखवले, तेव्हा या विषयाला मोठी गती आली.

परंतु शिकवलेली छायाचित्रे जशी, तशीच यंत्राची नजर. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. बुओलाम्विनी स्वतः कृष्णवर्णीय आहेत. पांढरा मुखवटा घातल्याशिवाय यंत्राला आपला चेहरा दिसत नाही, हा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेत आला होता. म्हणून या वर्गात कोण बसते, यालाही महत्त्व आहे. आपल्या मुलींनी तर या विषयाकडे अवश्य वळावे.

तयारी कशी करावी? अकरावी-बारावीत गणित सोडू नये. सदिश, मॅट्रिक्स, कलन व संभाव्यता हे या विषयाचे चार खांब आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात हे विषय बहुधा वैकल्पिक असतात. सखोल अभ्यास एम.टेक. व पीएच.डी.च्या स्तरावर होतो. महाविद्यालय निवडताना हे विषय तेथे खरोखर शिकवले जातात काय, याची चौकशी करावी. महागड्या पुस्तकांवाचून अडत नाही. रिचर्ड झेलिस्की यांचे कॉम्प्युटर व्हिजनवरील प्रमाणग्रंथ मानले जाणारे पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर वैयक्तिक वाचनासाठी विनामूल्य आहे. ब्लेंडर व ओपनसीव्ही ही साधनेही मोफत मिळतात.

पालकांनी एवढेच करावे. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची पुस्तिका मागवून घ्यावी व त्यात गणिताचे किती पेपर आहेत ते मोजावे. आणि विद्यार्थ्यांनी आज रात्रीच वहीत तो खांब १८ मीटरवर उभा करून त्याची पडद्यावरील उंची काढून पाहावी. अभ्यासाला तेथूनच प्रारंभ होतो.