लंडनचे काळे धुके

मुलांनो, धुके म्हटले की हिवाळ्यातील रम्य सकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ५ डिसेंबर १९५२ रोजी लंडनवर उतरलेले धुके काळपट व घसा जाळणारे होते. थंडीमुळे घरोघरी शेगड्यांत दगडी कोळसा जळत होता; कारखान्यांची धुराडीही चालूच होती. एरवी हा धूर वर निघून जाई. त्या दिवसांत मात्र वारा पडला होता आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे जणू झाकणच बसले होते. धूर व गंधकाचा विषारी वायू खालीच कोंडले. भर दुपारी पादचाऱ्यांस स्वतःचे पाय दिसेनात. सुमारे ४,००० माणसे दगावली, असा तेव्हाचा अंदाज. पुढील संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. आणि त्यातील बराचसा धूर लोकांच्या घरच्याच शेगड्यांचा होता! १९५६ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. मग कित्येक वस्त्यांत धूर ओकणारा कोळसा जाळण्यास बंदी झाली.