सिलिंडरवर बर्फ का धरते?

लग्नाचा वा उरुसाचा मोठा स्वयंपाक चालू असता आपल्या मन्नाएखेळ्ळीकडेही थंडीच्या पहाटे हा प्रकार घडू शकतो. देगेखालची भट्टी मंदावते. सिलिंडरच्या अंगावर व व्हॉल्व्हवर हवेतील ओल गोठून पांढरी होते. गॅस संपला, असे मात्र नव्हे.

सिलिंडरात प्रोपेन व ब्युटेन दाबाखाली द्रवरूपाने असतात. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते; ती सिलिंडरच्याच अंगातून घेतली जाते. माठातले पाणी याच नियमाने गार होते. मोठ्या भट्टीने गॅस भराभर ओढला, की बाहेरची हवा ही तूट भरून काढू शकत नाही. ब्युटेनची वाफ तर शून्य अंशाच्या सुमारास जवळजवळ थांबते.

अशा वेळी कोणी सिलिंडरखाली जाळ करतात, कोणी तो आडवा पाडतात. दोन्ही घातक होत. जाळाने दाब वाढून स्फोट होऊ शकतो. आडव्या सिलिंडरातून द्रवच बाहेर येऊन रेग्युलेटर गोठतो व भट्टीत भडका उडतो.

खरा उपाय भार वाटून देण्याचा. जाणत्या माणसाकडून १९ किलोचे दोन-तीन सिलिंडर एका नळीस जोडून घ्यावेत. ते उभे व मोकळ्या हवेत ठेवावेत. तरीही गोठल्यास भट्टी बंद करून थांबावे. पंगतीस थोडा उशीर झाला तरी चालेल. जीव गेल्यास परत येत नाही.