वर्कबुकचं एक पान, एक व्हिडिओ: कॅमेऱ्याची सवय नसलेल्यांसाठी पहिला धडा



तुम्ही स्व-विकासाचं वर्कबुक लिहिलंत, पदरचे पैसे घालून छापून घेतलंत आणि आता गठ्ठे दिवाणाखाली पडून आहेत. ओळखीच्यांनी घेतल्या तेवढ्याच प्रती गेल्या. "व्हिडिओ टाका" असं सगळेच सांगतात, पण कॅमेरा सुरू झाला की तोंडातून शब्द फुटत नाही. आजचा धडा तुमच्यासाठीच आहे. पायऱ्या इथे लिहून देतोय, म्हणजे फोन मांडताना समोर ठेवता येतील.

आधी एक गोष्ट पक्की करू

पुस्तक वाचायचं असतं, वर्कबुक भरायचं असतं. म्हणून "स्वतःवर विश्वास ठेवा, आयुष्य बदलेल" असं भाषण केलं, तर तुमची वस्तू लोकांना दिसतच नाही. बघणाऱ्याच्या मनात तीनच प्रश्न असतात: यात लिहायचं काय? वेळ किती लागेल? मला जमेल का? तिन्हींचं उत्तर एकाच कृतीत आहे. एक पान कॅमेऱ्यासमोर भरून दाखवा. चेहरा दाखवायची गरज नाही. हात, पेन, पान आणि तुमचा आवाज पुरे.

पायरी १: एक प्रश्न निवडा

"तुमचं ध्येय काय?" हा प्रश्न फार मोठा आहे. लगेच उत्तर सुचेल असा घ्या. उदाहरणार्थ: "मागच्या सात दिवसांत कुठे 'नाही' म्हणायचं होतं, पण 'हो' म्हटलं?"

आता उत्तर आपल्या भागातलं लिहा. समजा तुमचं वर्कबुक घरून काम करणाऱ्या बायकांसाठी आहे. मग पानावर लिहा: "मंडईच्या आदल्या दिवशी दोन ब्लाऊज शिवून द्यायला हो म्हटलं. रात्री एकपर्यंत जागले. पैसे अजून उधारीत." दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि तेव्हा शिवणाऱ्यांची काय धावपळ होते, हे आमगाव-देवरीच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ती म्हणेल, "हे तर माझंच आहे!" मात्र हे उदाहरण तुम्ही रचलेलं असेल, तर तसं सांगा. कुणा ग्राहकाचं भरलेलं पान असेल, तर आधी परवानगी घ्या आणि नाव झाका.

पायरी २: फोन मांडा

- टेबलावर जाड पुस्तकांचा ढीग करा. फोन त्यावर स्क्रीन वर करून ठेवा, कॅमेऱ्याचा भाग कडेच्या बाहेर राहील असा. फोनवर एक वही ठेवली की हलत नाही. खाली वर्कबुक उघडा. झाला तुमचा स्टँड.
- फ्रेम उभी ठेवा. रील आणि शॉर्ट्ससाठी ९:१६ हे माप चालतं.
- खिडकीजवळ बसा. उजव्या हाताने लिहीत असाल, तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली पानावर पडत नाही.
- लेन्स रुमालाने पुसा. पंखा बंद करा. जवळ राइस मिल किंवा रेल्वेलाइन असेल, तर आवाज वेगळा, शांत वेळी रेकॉर्ड करा आणि नंतर जोडा.
- फिल्मी गाणं लावू नका, कॉपीराइटची अडचण येते. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.

पायरी ३: ४५ सेकंदांची आखणी

- पहिली ५ सेकंदं: थेट प्रश्न वाचा. "नमस्कार, माझं नाव..." नंतर.
- पुढची २५ सेकंदं: पान भरा, लिहिता लिहिता बोला.
- शेवटची १५ सेकंदं: "हा प्रश्न वहीत लिहून बघा. असे आणखी प्रश्न या वर्कबुकमध्ये आहेत." मग किंमत आणि मागवायची पद्धत.

आवाज बंद ठेवून बघणारेही असतात, म्हणून प्रश्न स्क्रीनवर मराठीत टाका. आपल्याकडे बोलताना हिंदी सहज मिसळते, झाडीबोलीही येते. येऊ द्या. पुस्तकी मराठीचा ताण घेऊ नका.

पायरी ४: मागवायचं कसं, ते स्पष्ट सांगा

झाडीपट्टीतल्या नाटकाची प्रचारगाडी काय ओरडते? नाटकाचं नाव, गाव, तारीख. ऐकणाऱ्याला दुसऱ्याला विचारावं लागत नाही. तसंच करा. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनात आणि कमेंटमध्ये दिलेली लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबून उघडत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्येही तेच. म्हणून लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये वर्कबुकचा फोटो आणि किंमत टाका, तो मोफत आहे. तोच व्हिडिओ स्टेटसलाही लावा. पहिले ग्राहक बहुतेक तिथूनच येतात.

काय बोलायचं नाही

"२१ दिवसांत कर्ज फिटेल", "डिप्रेशन बरं होईल" असं कधीही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी, की असे व्हिडिओ खरोखर खचलेली माणसंही बघतात. आपलं वर्कबुक हा उपचार नाही. "जगावंसं वाटत नाही" अशी कमेंट आली, तर तिथे विक्री नको. त्या माणसाशी आपुलकीने बोला आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि २४ तास चालते.

कुणाला मोफत प्रत देऊन अभिप्राय घेतलात, तर "प्रत मोफत दिली आहे" असं व्हिडिओतच सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

वर्कबुकमधले पाच प्रश्न निवडा. एकाच सकाळी, एकाच जागी पाच व्हिडिओ काढा आणि एक दिवसाआड टाका. लाइक मोजत बसू नका. वहीत दोनच रकाने करा: किती जणांनी किंमत विचारली आणि किती जणांनी प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवलं. ज्या प्रश्नाला जास्त उत्तरं आली, त्याच विषयावर पुढचे पाच व्हिडिओ.

पहिला व्हिडिओ थोडा हलेल, आवाज अडखळेल. चालतंय! पान भरलेलं दिसलं पाहिजे, बस. चला, पेन घ्या.