फोटोपुरतं पुस्तक

वाढदिवसाला खेळणी नकोत, त्याऐवजी बालगृहातल्या मुलांना गोष्टींची पुस्तकं देऊ, ही कल्पना माझ्या मुलीचीच. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं आपल्या खान्देशात कुणाला खटकत नाही. पण निरोपात ‘भेटवस्तू नको, इच्छा असल्यास पुस्तकांसाठी पाकीट द्या’ असं लिहिलं, तर धुळ्याहून नणंदबाईंचा फोन आला, “वहिनी, लेकराच्या नावाने पैसे मागायला लागलात का?” ज्यांनी एक रुपया दिला नाही त्यांनीच ही चर्चा गावभर नेली, म्हणून इथे स्पष्ट सांगते. भरीत-पुरीचा खर्च आमचा होता आणि पाकिटांतल्या पै-पैची पुस्तकं आली. दुकानाचं बिल आजही माझ्याकडे आहे, कुणीही येऊन पाहावं.

नातेवाइकांचं एक वेळ सोडून देईन. संस्थेचं नाही सोडणार.

आम्हाला पुस्तकं पोचती करून निघायचं होतं. बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांना मी तसं दोनदा सांगितलं होतं. “ताई, छोटासा कार्यक्रम ठेवू, मुलांना आनंद होतो,” एवढंच ते म्हणाले होते. गेलो तर दारातच माझ्या मुलीच्या फोटोचा फ्लेक्स. तो फोटो त्यांनी माझ्या व्हॉट्सॲपवरून, मला न विचारता उचललेला. मुलं सकाळपासून सतरंजीवर रांगेत बसवलेली, आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. जेवणाची वेळ टळली. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता आणि लहानगी पोरं मान वळवून तिकडे बघत होती. मी म्हटलं, “भाऊ, यांना आधी जेवू द्या.” ते म्हणाले, “सवय आहे त्यांना.”

पाहुणे आले, भाषण झालं. मग एकेकाला पुढे बोलावून माझ्या मुलीच्या हातून पुस्तक द्यायला लावलं. तिच्याच वयाची एक मुलगी पुस्तक घेऊन जागेवर गेली आणि लगेच पान उघडून वाचायला लागली. एका कर्मचारी बाईंनी येऊन तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. फोटो झाला होता. माझी मुलगी मला विचारू लागली, “आई, तिचं का घेतलं?” सगळी पुस्तकं कार्यालयातल्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, “मुलं फाडतात.”

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांची अंथरुणं आवरायचे, तेही त्यांच्या नकळत. त्याच जिल्ह्यात मदत घेणाऱ्या लेकराला कॅमेऱ्यापुढे उभं करतात, याचा मला अजून संताप येतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांचे चेहरे व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरत होते. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असे फोटो प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे मी कार्यवाहांना सांगितलं, तर म्हणे, “तुमचंच नाव झालं ना?”

ज्यांच्या मनात असं काही करायचं असेल त्यांनी द्यायच्या आधी विचारावं, पुस्तकं कुठे राहणार, मुलांच्या हाती कोण आणि कधी देणार. उघडं कपाट डोळ्यांनी बघून यावं. ‘कार्यक्रम नाही, फ्लेक्स नाही, फोटो नाही’ हे लेखी घ्यावं. तोंडी शब्दाचं काय होतं ते मी पाहिलं. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी तर बघावीच, पण बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याखालची वेगळी नोंदणीही मागावी. पैसे द्यायचे तर संस्थेच्या खात्यात द्यावेत, पदाधिकाऱ्याच्या खासगी नंबरवर नाही.

पावतीवरूनही मला बोलणी खावी लागली. पाकिटात जमवलेल्या पैशांची करसवलतीची पावती प्रत्येकाच्या नावाने मिळत नाही. वस्तू दिली तर सवलत नाही, 2,000 रुपयांच्या वर रोख दिली तरी नाही, आणि नवी कररचना घेतलेल्याला तर तसाही उपयोग नाही. ज्याला पावती हवी त्याने स्वतःच्या पॅनवर थेट संस्थेला पैसे द्यावेत. हे पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर नंतर जावईबापू तुमच्याकडे हिशेब मागतात.

आपल्या मुलाच्या हातून वाटप करवू नका. देणारं आणि घेणारं लेकरू एकाच वयाचं असतं, दोघांनाही ते लागतं. मुलांना देण्याची सवय लहानपणापासून लावावी हे खरंच, पण म्हणून वाढदिवसाला आजीने हौसेने आणलेला फ्रॉक परत करायचा नसतो. मी तो ठेवून घेतला. यापुढे आम्ही ‘किशोर’ मासिकाची वार्षिक वर्गणी एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या नावाने भरणार आहोत. अंक टपालाने शाळेत जातो, मधे कुणी हार घालायला उभं राहत नाही.

त्या कपाटातल्या पुस्तकांची देवघेव-वही मी संस्थेकडे लेखी मागितली आहे. उत्तर नाही. आता दुसरं पत्र स्पीड पोस्टाने जाईल, आणि त्याची प्रत बालकल्याण समितीला.