खालच्या लीगमधला मिडफिल्डर : भाच्यास पत्र

आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा



इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या २० क्लबांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर २४ क्लब, आणि प्रत्येक क्लबाला हंगामात नुसत्या लीगचेच ४६ सामने. शनिवारी सामना झाला की पुष्कळदा मंगळवारी रात्री पुन्हा मैदानात. चषकांच्या लढती वेगळ्याच. टीव्हीवर झळकतो तो बहुधा वरच्या पायरीचा खेळ. फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक खेळाडू मात्र या खालच्या पायऱ्यांवर झिजत असतात, आणि त्यांचे काम कमी प्रतीचे मानणे चूक आहे.

आंधळगावात कोसा विणताना मागावर ताणा कितीही नीट बसवला, तरी बाणा फिरल्याशिवाय कापड होत नाही. संघातला मिडफिल्डर हा बाणा. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून दोन्ही बाजू पाहून ठेवणे, पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या जागेकडे नेणे, आणि चेंडू गेला की त्याच क्षणी मागे धावणे, एवढे त्याने नव्वद मिनिटे करायचे असते. गोलांच्या यादीत यातले काही उमटत नाही. पहिल्या स्पर्शाची सवय घराच्या भिंतीवर चेंडू मारूनही लागते. तिला मोठे मैदान लागत नाही, चिकाटी लागते.

अशा एका कारकिर्दीचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. १९९५ चा हा प्रीमियर लीग विजेता २०१२ मध्ये खाली घसरला आणि २०१७ मध्ये लीग वनपर्यंत आला. त्याच उन्हाळ्यात त्याने जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅक हा आक्रमक मिडफिल्डर आणला. जिलिंगहॅमकडून खेळतानाच, २०१६ मध्ये, तो लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ब्लॅकबर्नसाठी पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल केले, क्लब दुसऱ्या क्रमांकाने वर चढला आणि तोच किताब त्याला पुन्हा मिळाला.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटला. वर्षभराच्या मेहनतीनंतर तो परतला, आणि मार्च २०२१ मध्ये तीच दुखापत पुन्हा झाली. अशी दुखापत अनेकदा टक्कर न होताही, धावता धावता दिशा बदलताना होते. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडीनंतर गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरण्याचा सराव लहान वयापासूनच करावा. तो कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. डॅक दुसऱ्यांदाही उभा राहिला. २०२३ मध्ये करार संपल्यावर तो संडरलँडला गेला आणि २०२४ मध्ये, तिशीत, परत जिलिंगहॅमला.

करार हा या धंद्याचा दुसरा गुडघा. इंग्लंडमध्ये तो बहुधा ३० जूनला संपतो. क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी त्याआधीच लावतात, आणि यादीत नाव नसलेल्या माणसाला महिन्याभरात दुसरे घर शोधावे लागते. खालच्या लीगमध्ये करार बहुधा एक-दोन वर्षांचेच असतात. म्हणून शिक्षण खेळाच्या बरोबरीने चालू ठेवणे हा तिथल्या तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. सोळा ते अठराच्या मुलांना सरावाबरोबर अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो.

भंडारा जिल्ह्यातल्या मुलाची पहिली पायरी शालेय स्पर्धांची. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. जिल्ह्यातून पुढे नागपूर विभाग, मग राज्य. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल उभा केला, तेव्हा जवळपास शिकण्याची सोय नाही असे म्हणता येत नाही. जन्माचा दाखला आणि शाळेचे बोनाफाइड आधीच काढून ठेवावे, कारण वयाच्या पडताळणीत कागद कमी पडला तर चांगला खेळाडूही बाहेर बसतो. स्पर्धांची प्रमाणपत्रेही जपून ठेवावीत. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

मामा